पाचूची परीक्षा



आमच्या आजीच्या बोटात एक सोन्याची अंगठी असे. तिच्यात टपोऱ्या वाटाण्याएवढा, चौकोनी, हिरवा खडा बसवलेला होता. आजीचे वडील अजमेरला रेल्वेत कारकून होते. त्यांना सर्वजण आबा म्हणत. आजीच्या लग्नात आबांनी ती अंगठी तिला दिली आणि 'पाचू आहे, जपून वापर' असे सांगितले. आजीने ती चाळीस-पंचेचाळीस वर्षे जपली.

मी बारावी झालो त्या वर्षी आमच्याकडे पाऊस झाला नाही. शहरात माझ्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. आजीने अंगठी विकायचे ठरवले. विकायला न्यायची वस्तू लखलखीत दिसावी, म्हणून आदल्या रात्री तिने ती रिठ्याच्या पाण्यात घालून चुलीवर चांगली उकळली. सोने चकचकीत झाले. खडा मात्र सकाळी ओळखू येईना. त्यात पांढुरक्या रेषांचे जाळे दिसू लागले होते आणि हिरवा रंग धुरकटला होता. तालुक्याच्या गावी सराफाने खड्याकडे एकदा पाहिले, तो अंगठीतून काढला, कागदाच्या पुडीत बांधून आमच्या हातात ठेवला आणि सोन्याचे तेवढे पैसे मोजून दिले. परत येताना एस. टी. मध्ये आजी एकदाच बोलली. "खरा खडा असता तर नुसता उकळून असा झाला असता का रे? आबांनी मला काच दिली."

ती पुडी पुढे देवघरातल्या डबीत गेली नाही. बटणे, सुया आणि दोऱ्याची रिळे ठेवण्याच्या डब्यात जाऊन पडली.

जे खरे असते ते आगीतूनही तावून-सुलाखून निघते, असे आपण मानतो. सोन्याच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण पाचूच्या बाबतीत ते बरोबर आहे का? भौतिकशास्त्र शिकल्यावर आणि शिकवू लागल्यावर मला हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधताना पाचूविषयी जे समजले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

पाचू म्हणजे काय?

नवरत्नांतील पाचू तुम्हांला नावाने तरी माहीत असतोच. नथीतील मोत्यांच्या जोडीला एखादा हिरवा खडा असतो, तोही पाचूच्या मानाचा. मग तो पुष्कळदा काचेचा का असेना! संस्कृतात पाचूला मरकत म्हणतात.

खनिजशास्त्राच्या दृष्टीने पाचू हे स्वतंत्र खनिज नाही. 'बेरिल' नावाच्या खनिजाचा तो हिरवा प्रकार आहे. बेरिलमध्ये बेरिलियमचे ३ अणू, ॲल्युमिनियमचे २, सिलिकॉनचे ६ आणि ऑक्सिजनचे १८ अणू अशा प्रमाणात ही मूलद्रव्ये बांधलेली असतात. त्याचे स्फटिक सहा बाजूंच्या पेन्सिलीसारखे वाढतात. समुद्राच्या पाण्यासारखा फिकट निळसर 'ॲक्वामरीन' हाही बेरिलचाच प्रकार. 'बेरिल' हे नाव ग्रीक भाषेतून आले, आणि भाषातज्ज्ञ त्याचा संबंध प्राकृतातील 'वेरुलिय', म्हणजे संस्कृत 'वैडूर्य' या शब्दाशी जोडतात. म्हणजे आपल्याकडचा शब्द युरोपात जाऊन शास्त्रीय नाव बनून परत आला! (नवरत्नांच्या आजच्या यादीत मात्र वैडूर्य हे नाव लसण्याला दिले जाते.)

पाचू आणि बेरिल ही एकच वस्तू आहे, ही शंका प्रथम स्फटिकांच्या आकारावरून आली. फ्रान्समधील स्फटिकशास्त्रज्ञ आउई याला दोन्हींच्या स्फटिकांची घडण सारखीच दिसली. त्याच्या सांगण्यावरून व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये दोन्हींचे पृथक्करण केले. आउईची शंका खरी ठरली. आणि शिवाय तोपर्यंत कोणालाच माहीत नसलेले एक मूलद्रव्य त्यांत असल्याचे आढळले. तेच बेरिलियम. त्याचे क्षार चवीला गोड लागतात म्हणून सुरुवातीला त्याला गोडीवरून नाव दिले गेले होते. आज आपल्याला माहीत आहे की बेरिलियमची संयुगे अत्यंत विषारी असतात. त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ पदार्थ चाखून पाहत. तुम्ही प्रयोगशाळेत असे कधीही करू नका.

हिरवा रंग कोठून आला?

शुद्ध बेरिल काचेसारखे रंगहीन असते. मग पाचू हिरवा कसा? याचेही उत्तर व्होकलँच्याच हाती लागले. १७९७ मध्ये, म्हणजे आदल्याच वर्षी, त्याने सैबेरियातील एका तांबड्या खनिजातून क्रोमियम हे मूलद्रव्य शोधले होते. त्याची संयुगे नाना रंगांची असतात, म्हणून 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. पाचूत त्याला हेच क्रोमियम अल्प प्रमाणात सापडले. बेरिलमधील ॲल्युमिनियमच्या काही थोड्या जागा क्रोमियम पटकावतो, आणि तेवढ्याने रंगहीन दगडाचा पाचू होतो. काही पाचूंत क्रोमियमच्या जोडीला व्हॅनेडियमही हे काम करते.

येथे एक गंमत आहे. माणकाचा लाल रंगही क्रोमियममुळेच येतो! माणिक हे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिक. तेथेही क्रोमियम ॲल्युमिनियमच्याच जागी बसतो. मग एकच पाहुणा एका घरी लाल आणि दुसऱ्या घरी हिरवा रंग कसा देतो?

तंबोऱ्याची तार आठवा. तार तीच, पण खुंटी पिळून ताण बदलला की स्वर बदलतो. क्रोमियमच्या आयनाभोवती दोन्ही स्फटिकांत ऑक्सिजनचे सहा आयन असतात. माणकात त्यांचा दाब क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांवर अधिक असतो, पाचूत थोडा कमी. त्यामुळे ते इलेक्ट्रॉन प्रकाशातील कोणत्या तरंगलांबीची ऊर्जा शोषून घेणार, हे बदलते. माणिक ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश आणि जांभळा प्रकाश शोषतो. बाकी राहतो तो मुख्यतः लाल. पाचूत ताण कमी, म्हणून शोषणाचा पट्टा ६०० ते ६३० नॅनोमीटरकडे, म्हणजे नारिंगी-तांबड्याकडे सरकतो. जांभळा-निळा प्रकाशही बराचसा शोषला जातो. मधला हिरवा तेवढा मोकळा सुटतो. त्याच्याबरोबर अगदी गडद तांबड्याचा थोडासा अंशही सुटतो. पण आपला डोळा हिरव्याला फार संवेदनशील असल्यामुळे तो जाणवत नाही. हा लपलेला तांबडा अंश लक्षात ठेवा. तो पुढे परीक्षेत उपयोगी पडणार आहे.

हिऱ्याचे सौंदर्य निराळे असते. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ इतका मोठा असल्याने त्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन रंगीबेरंगी ठिणग्यांसारखा बाहेर पडतो. पाचूचा वक्रीभवनांक सुमारे १.५८ म्हणजे काचेच्या जवळपास. तो हिऱ्यासारखा लखलखत नाही. त्याचे सगळे मोल त्याच्या रंगात आहे. एखादा रंगच जणू गोठून घट्ट झाला आहे, असे चांगल्या पाचूकडे पाहून वाटते.

न जुळणारी सोयरीक

क्रोमियमचा एवढासा अंश पुरतो, तर पाचू ढिगांनी का सापडत नाहीत? त्याचे कारण खडकांच्या जन्मात आहे.

पृथ्वीच्या कवचात बेरिलियम दर दहा लाख भागांत जेमतेम दोन-तीन भाग असते. त्याचा आयन अगदी लहान असल्याने नेहमीच्या खनिजांच्या चौकटीत तो नीट बसत नाही. तप्त शिलारस निवून ग्रॅनाइट बनू लागला की बेरिलियम शेवटपर्यंत उरलेल्या रसात साचत जाते. क्रोमियमचे उलट आहे. ते बेरिलियमपेक्षा पुष्कळ अधिक सापडते, पण ते राहते खोलवरून आलेल्या, मॅग्नेशियम भरपूर असलेल्या गडद रंगाच्या खडकांत. ग्रॅनाइटात क्रोमियम जवळजवळ नसते, आणि त्या गडद खडकांत बेरिलियम नसते. सहसा सोयरीक न जुळणारी ही दोन घराणी म्हणायची!

ती जुळते तेव्हा पाचू जन्मतो. झांबिया, ब्राझील आणि आपले राजस्थान येथे ग्रॅनाइटातून निघालेले तप्त द्रव क्रोमियमच्या गडद खडकांत घुसले. दोहोंच्या सीमेवर अभ्रकाचा खडक तयार झाला आणि त्यात पाचूचे स्फटिक वाढले. जगप्रसिद्ध पाचूंच्या कोलंबिया देशात रीत निराळी होती. तेथे खारट, उष्ण पाणी काळ्या शेल खडकातून वाहताना त्यातील बेरिलियम, क्रोमियम व व्हॅनेडियम विरघळवून घेऊन भेगांत शिरले आणि तेथे स्फटिक जमले. ही घटना कित्येक कोटी वर्षांपूर्वीची आहे.

दोष की जन्मखूण?

अशा धकाधकीत वाढलेला स्फटिक निर्मळ कसा असणार? भूगर्भातील हालचालींनी त्याला चिरा पडतात. वाढताना तो आजूबाजूचे कण आणि द्रवाचे थेंब पोटात घेतो. पाचूच्या पोटातील या पसाऱ्याला फ्रेंच जवाहिरे 'बाग' म्हणतात. पाचूचे काठिण्य ७.५ ते ८ आहे, म्हणजे त्यावर सहज ओरखडा उठत नाही. पण चिरांमुळे तो ठिसूळ असतो. म्हणूनच पाचूला चौकोनी आकार देऊन त्याचे चारही कोपरे छाटण्याची पद्धत पडली. टोकदार कोपरा पहिल्याच धक्क्याला उडतो.

परंतु हे दोषच पाचूची जन्मखूण असतात. कोलंबियाच्या पाचूत सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी एक नन्ही कुपी दिसते: तिच्यात खारे पाणी, पाण्यात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक! ज्या समुद्रासारख्या खारट पाण्यात तो जन्मला, त्याचा नमुनाच त्याने जपून ठेवलेला असतो. राजस्थान किंवा झांबियाच्या पाचूत बहुधा अभ्रकाची पाने सापडतात.

त्याहून सूक्ष्म खूण ऑक्सिजनच्या अणूंत असते. ऑक्सिजनचे १६ आणि १८ अणुभाराचे प्रकार असतात, आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण खाणीखाणीप्रमाणे बदलते. २००० साली शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातील जुन्या पाचूंवर हा प्रयोग केला. आयनांच्या बारीक झोताने डोळ्यांना न दिसेल एवढाच कण उडवून त्यांनी ऑक्सिजनचे प्रमाण मोजले. हे पाचू आशियातील लुप्त झालेल्या जुन्या खाणींतले असावेत, असा पूर्वीचा समज होता. प्रत्यक्षात काही पाचू कोलंबियाचे निघाले आणि एक अफगाणिस्तानातील पंजशीरचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी कोलंबियाच्या खाणी ताब्यात घेतल्यावर तेथले पाचू दोन महासागर ओलांडून भारतातील दरबारांपर्यंत येत असत. हिजरी ११०७, म्हणजे इ. स. १६९५-९६, असे वर्ष कोरलेला औरंगजेबाच्या काळातील २१७.८० कॅरटचा एक पाचू प्रसिद्ध आहे. तो २००१ मध्ये लंडनला लिलावात विकला गेला. तोही मूळचा कोलंबियाचाच.

भज्यांचा कागद आणि पाचूचे तेल

आता आजीच्या रिठ्याच्या पाण्याकडे वळू. तुम्ही वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली गरम भजी खाल्ली असतील. जेथे तेल लागते तेथे कागद अर्धपारदर्शक होतो आणि पलीकडची अक्षरे दिसू लागतात. असे का होते? कागद म्हणजे तंतूंचे जाळे. तंतू आणि त्यांमधील हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा परावर्तित होतो आणि विखुरतो. म्हणून कागद पांढरा व अपारदर्शक दिसतो. हवेची जागा तेलाने घेतली की तेलाचा वक्रीभवनांक तंतूंच्या वक्रीभवनांकाजवळ असल्याने सीमा जणू पुसल्या जातात आणि प्रकाश सरळ पार जातो.

पाचूच्या चिरेतही हेच घडते. दोन पदार्थांच्या सीमेवर प्रकाश लंब पडला तर त्याचा किती भाग परावर्तित होईल, हे काढण्याचे सूत्र सोपे आहे: दोन वक्रीभवनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. चिरेत हवा असेल तर ०.५८ ला २.५८ ने भागून वर्ग केल्यावर सुमारे ०.०५ येते. म्हणजे १०० पैकी ५ भाग प्रकाश चिरेच्या प्रत्येक पृष्ठावरून परत फिरतो, आणि चीर पांढरी चमकते. चिरेत १.५२ वक्रीभवनांकाचे तेल भरले तर ०.०६ ला ३.१० ने भागून वर्ग केल्यावर सुमारे ०.०००४ येते, म्हणजे १०,००० पैकी फक्त ४ भाग. चीर तेथेच असते, पण दिसत नाही!

जवाहिऱ्यांना हे फार पूर्वीपासून अनुभवाने ठाऊक आहे. बाजारातील बहुतेक पाचूंच्या चिरांत देवदाराच्या जातीच्या झाडाचे तेल किंवा अलीकडे राळेसारखा कृत्रिम पदार्थ भरलेला असतो. ग्राहकाला तसे सांगितले तर ही फसवणूक मानली जात नाही. मात्र हे तेल उष्णतेने, साबणाने आणि रिठ्याने निघून जाते. पाचूचा दागिना गरम पाण्यात घालू नये, तो ओल्या मऊ कापडाने पुसावा, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

म्हणजे आजीने उकळलेला खडा धुरकट झाला, तो खोटा होता म्हणून नव्हे, तर कदाचित खरा होता म्हणून! 'कदाचित' हा शब्द महत्त्वाचा. कारण हा झाला तर्क. पुरावा अजून मिळाला नव्हता.

खड्याची परीक्षा

महाविद्यालयात नोकरी लागल्यावर एका सुट्टीत मी तो बटणांचा डबा उघडला. पुडी तेथेच होती. परवानगी विचारली तेव्हा आजी म्हणाली, "काचेची कसली परीक्षा करतोस? ने हवा तर."

पहिली परीक्षा आर्किमिडीजची. तलम धाग्याला खडा टांगून संवेदनशील तराजूवर हवेत वजन केले: ०.८१२ ग्रॅम. रत्नांचे वजन कॅरटमध्ये सांगतात. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणून खडा ४.०६ कॅरटचा झाला. (आपल्याकडे पूर्वी यासाठी गुंजा वापरीत.) मग पाण्यात बुडवून वजन केले. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला होता. पाण्यातील वजन भरले ०.५१५ ग्रॅम. फरक ०.२९७. भागाकार केला: विशिष्ट गुरुत्व २.७३. पाचूचे विशिष्ट गुरुत्व २.६७ ते २.७८ च्या दरम्यान असते. साध्या काचेचे साधारण २.५. मला आनंद झाला. पण लगेच दुसरा विचार आला. काचेत शिशाचे प्रमाण वाढवत नेले तर तिचे विशिष्ट गुरुत्वही वाढते. म्हणजे २.७३ ची काच मुद्दाम बनवता येईल. एका परीक्षेवर निकाल देता येत नाही.

दुसरी परीक्षा रंगाची. १९३४ मध्ये लंडनला 'चेल्सी फिल्टर' नावाची रंगीत गाळणी तयार झाली. ती फक्त गडद तांबडा आणि पिवळट हिरवा प्रकाश पलीकडे जाऊ देते. पाचू पिवळट हिरवा प्रकाश बराचसा शोषतो आणि मघाचा तो लपलेला तांबडा अंश सोडतो. म्हणून या गाळणीतून चांगला पाचू तांबूस दिसतो, तर हिरवी काच हिरवीच दिसते. मी एका मित्राकडून ती गाळणी मागून आणली आणि खडा दिव्याखाली धरला. तो हिरवाच दिसला! त्या रात्री मी आजीला काहीच कळवले नाही.

पण पुस्तके पाहिल्यावर समजले की ज्या पाचूंत लोह अधिक असते, ते या गाळणीतून तांबडे दिसत नाहीत, आणि भारतातील पुष्कळ पाचू तसेच असतात. याच्या उलट, प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम पाचू त्यातून झगझगीत तांबडे दिसतात! म्हणजे या परीक्षेत उत्तीर्ण झालेला प्रत्येक खडा खाणीतला नसतो आणि नापास झालेला प्रत्येक खडा खोटा नसतो.

तिसरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाची. काचेत असतात तसे गोल बुडबुडे कोठे दिसले नाहीत. चिरांच्या जाळ्यामागे तपकिरी रंगाचे पातळ पापुद्रे दिसले, आणि स्वल्पविरामासारख्या आकाराच्या एका पोकळीत द्रव व त्यात एक बुडबुडा. पापुद्रे अभ्रकाचे असावेत असे वाटले. पण मी रत्नपारखी नव्हे. म्हणून शेवटी खडा मुंबईतील एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिला. त्यांनी वक्रीभवनांक मोजला. काचेचा वक्रीभवनांक एकच असतो. बेरिलच्या स्फटिकात मात्र प्रकाशाचे दोन किरण होतात आणि दोन आकडे मिळतात. आमच्या खड्याचे आकडे आले १.५८५ आणि १.५९२. निकालाच्या कागदावर लिहिले होते: नैसर्गिक पाचू.

अजमेर ते उदयपूर या डोंगराळ पट्ट्यात १९४० च्या दशकात पाचू सापडू लागले होते, आणि आबा त्याच सुमारास अजमेरला होते. तेव्हा खडा तेथलाच असेल असे मला वाटते. मात्र हा माझा अंदाज आहे. तो सिद्ध झालेला नाही.

मग किंमत किती?

तुम्ही विचाराल, मग आजीचे किती मोठे नुकसान झाले? फार मोठे नाही. एका जाणत्या जवाहिऱ्याने भिंगातून पाहून सांगितले की, खडा खरा, पण चिरा फार आणि रंगात काळपटपणा; मोल बेताचेच. 'खरा' आणि 'मौल्यवान' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रंग किती शुद्ध आणि गडद, खडा किती स्वच्छ, आकार केवढा आणि तेल किती भरले आहे, यांवर किंमत ठरते. हे सगळे गुण एकत्र येणे फार दुर्मिळ. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला 'रॉकफेलर पाचू' नावाचा १८.०४ कॅरटचा कोलंबियाचा खडा सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला, म्हणजे कॅरटला ३ लाख डॉलरहून अधिक! त्याचे वजन होते साडेतीन ग्रॅमच्या जरासे वर, आणि त्यात तेल मुळीच भरलेले नव्हते. उलट २०२१ मध्ये झांबियात ७,५२५ कॅरटचा, म्हणजे दीड किलोग्रॅमचा एक प्रचंड पाचू निघाला. एवढ्या मोठ्या स्फटिकाचाही पैलू पाडण्याजोगा भाग किती, यावरच व्यापारी त्याचे मोल जोखतात.

किंमत केवळ रासायनिक घटकांची असती तर कृत्रिम पाचूही तेवढाच महाग असता. अमेरिकेत कॅरल चॅटम याने १९३० नंतरच्या दशकात वितळलेल्या क्षारांत मंद गतीने स्फटिक वाढवून पाचू बनवण्यात यश मिळवले. तो खोटा नसतो. त्यात तेच बेरिलियम आणि तेच क्रोमियम असते. तरीही तो पुष्कळ स्वस्त असतो. लोक पैसे मोजतात ते रंगाचे, आणि रंगाबरोबरच त्या न जुळणाऱ्या सोयरिकीच्या दुर्मिळतेचे. पाचू बुध ग्रहासाठी घालावा, असेही काही लोक मानतात. परंतु खड्याच्या कोणत्याही मोजमापात ग्रहाचा संबंध आढळलेला नाही.

निकालाचा कागद घेऊन मी गावी गेलो. जाण्यापूर्वी त्या जवाहिऱ्याने खड्याला पुन्हा रीतसर तेल दिले होते. आजीने अंगणात उन्हाला धरून तो बराच वेळ पाहिला. पांढऱ्या रेषा गेल्या होत्या. मी तिला विशिष्ट गुरुत्व, वक्रीभवनांक सगळे सांगू लागलो. तिने मला थांबवून एवढेच विचारले, "म्हणजे आबांनी काच दिली नव्हती?"

"नव्हती," मी म्हणालो.

तिने खडा पुडीत बांधला आणि देवघरातल्या डबीत ठेवला.

मित्रांनो, आगीत घालून पाहणे ही परीक्षा सोपी असते, पण ती प्रत्येक वस्तूला लागू पडत नाही. वस्तूचा स्वभाव ओळखून, तिला इजा न करता, एकापेक्षा अधिक रीतींनी मोजमाप करावे आणि एखादे उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी ते नोंदवून ठेवावे. ही शास्त्राची परीक्षा. तिला वेळ लागतो, पण ती कोणावर अन्याय करीत नाही.

करून पाहा

(१) एका पांढऱ्या कागदावर गोडेतेलाचा एक थेंब आणि शेजारी पाण्याचा एक थेंब टाका. दोन्ही डाग उजेडासमोर धरून पाहा. कोणता अधिक पारदर्शक दिसतो? पाणी वाळल्यावर काय होते? (पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आणि तेलाचा सुमारे १.४७ आहे, हे ध्यानात घ्या.)

(२) शाळेतील स्प्रिंगच्या काट्याला दोऱ्याने एक दगड टांगा. त्याचे हवेतील आणि पाण्यात पूर्ण बुडवल्यावरचे वजन घ्या. हवेतील वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागा. सह्याद्रीचा घट्ट काळा दगड असेल तर उत्तर २.९ च्या आसपास येईल. वीट आणि संगमरवर यांचेही विशिष्ट गुरुत्व काढा व वहीत तक्ता करा.

(३) पाचूचा वक्रीभवनांक १.५८ धरून, चिरेत पाणी भरले तर प्रकाशाचा किती भाग परावर्तित होईल, हे वरील सूत्राने काढा. हवा आणि तेल यांच्या उत्तरांशी त्याची तुलना करा.

घरातील दागिन्यांवर मात्र कोणताही प्रयोग करू नका. आणि आजीच्या अंगठीत हिरवा खडा असेल, तर ती उकळू नका!